हिरवळीखालचे नळ

न्यूयॉर्क शहराचा नकाशा पुढे ठेवला, तर मॅनहॅटन बेटाच्या मधोमध एक लांबट हिरवा आयत दिसतो. लांबी सुमारे चार किलोमीटर, रुंदी त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी, क्षेत्रफळ ८४३ एकर. हा सेंट्रल पार्क. चारही बाजूंनी उंच इमारतींची भिंत आणि आत तळी, ओढे, खडकांचे सुळके, गर्द झाडी. पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की शहर वाढत गेले आणि कोणा शहाण्या माणसाने मूळच्या रानाचा एक तुकडा तेवढा राखून ठेवला. भूगोलाच्या पुस्तकांतूनही कधीकधी तसेच सूचित केलेले असते.

प्रत्यक्षात तसे काही नाही. या बागेतील तळी माणसाने बांधून काढलेली आहेत, आणि त्यांत शहराच्या नळांचे पाणी सोडण्याची सोय सुरुवातीपासूनच होती. टेकाडे भर घालून उठवलेली आहेत. अडीच लाखांहून अधिक झाडे-झुडपे बाहेरून आणून लावलेली आहेत. मूळचा म्हणावा असा फक्त खडक, तोही नको तिथला सुरुंग लावून उडवून दिलेला. या खडकाला भूशास्त्रज्ञ शिस्ट म्हणतात. आपल्या परिभाषेत सुभाजा. अभ्रकामुळे तो उन्हात चकाकतो, आणि शेवटच्या हिमयुगात त्यावरून सरकत गेलेल्या हिमनदीने ओढलेले ओरखडे त्याच्या पाठीवर आजही दिसतात. ते ओरखडे सोडले, तर बाकी सारे इ.स. १८५७ नंतरचे मानवी काम आहे.

हे काम कसे झाले, ते करताना कोणते विज्ञान वापरले गेले, आणि त्या विज्ञानातला बराचसा भाग चुकीचा असूनही काम टिकाऊ कसे ठरले, हा प्रश्न आम्हांला बागेच्या सौंदर्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

मॅनहॅटनची आखणी १८११ साली कागदावर झाली. कमिशनरांनी बेटावर काटकोनात रेघा मारल्या. उभे रस्ते, आडवे रस्ते, मधले चौकोन विकायला मोकळे. या आराखड्यात मोकळ्या जागा नव्हत्या असे नाही, पण अगदी थोड्या होत्या. बेटाच्या दोन्ही अंगांना नद्या आहेत, तेव्हा हवेला काय तोटा, असे त्यांचे म्हणणे होते. १८५० पर्यंत शहराची वस्ती पाच लाखांवर गेली. १८३२ आणि १८४९ साली पटकीच्या मोठ्या साथी येऊन गेल्या होत्या. गटारे अपुरी, घोड्यांची लीद रस्त्यावर, तळघरांत माणसे दाटीवाटीने राहत.

या रोगांचे कारण काय? त्या काळच्या बहुसंख्य डॉक्टरांचे उत्तर ठरलेले होते: दूषित हवा. कुजणाऱ्या पदार्थांतून, दलदलीतून, गटारांतून एक विषारी वाफ निघते आणि ती हुंगल्याने माणसे आजारी पडतात. या वाफेला ते ‘मायझ्मा’ म्हणत. मलेरिया हा शब्दही त्याच कल्पनेचा, इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘वाईट हवा’ एवढाच. रोग हवेतून येतो असे मानले, की उपायही त्याच ओघाने येतो. हवा शुद्ध करा, त्यासाठी शहराला फुफ्फुसे द्या. झाडांच्या पानांमुळे आणि उन्हामुळे हवा निर्जंतुक होते, असे त्या काळचे जाणते लोक मनापासून मानत असत. न्यूयॉर्कला मोठे उद्यान हवे, ही मागणी १८४४ मध्ये कवी-संपादक ब्रायंट यांनी वर्तमानपत्रातून केली. उद्यानतज्ज्ञ डाउनिंग यांनी तिचा पाठपुरावा केला. १८५३ साली राज्याच्या विधिमंडळाने जागा घेण्याचा कायदा केला.

जागा निवडली ती बेटाच्या मध्यावरची, कारण ती बांधकामाला अडचणीची आणि म्हणून तुलनेने स्वस्त. वर उघडा खडक, खाली साचलेले पाणी. ‘पडीक जमीन’ असे तिचे वर्णन करण्यात आले. शिक्षकांनी या शब्दाशी थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. आपल्याकडेही धरण, कारखाना किंवा रस्ता यांसाठी जमीन घेताना हा शब्द वारंवार कानांवर पडतो. त्या ‘पडीक’ जमिनीवर सुमारे सोळाशे माणसे राहत होती.

त्यांतली एक वस्ती सेनेका व्हिलेज नावाची. पश्चिमेच्या बाजूला, आजच्या ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान. तिची सुरुवात १८२५ सालची. अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणाने, जो बूट पॉलिश करून पोट भरत असे, १२५ डॉलर देऊन तिथे तीन लहान भूखंड विकत घेतले. त्याच्यामागून इतर आले. १८५५ च्या सुमारास तिथे सव्वादोनशेच्या आसपास लोक होते. दोनतृतीयांश आफ्रिकन वंशाचे, बाकीचे बहुतेक आयर्लंडहून आलेले. तीन चर्च होती, एक शाळा होती. शिवाय एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या घटनेनुसार कृष्णवर्णी पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असावी लागे. गोऱ्यांवर ही अट उरली नव्हती. म्हणजे सेनेका व्हिलेजमधला जमिनीचा तुकडा हा नुसता निवारा नव्हता, तो नागरिकत्वाचा दाखला होता. सरकारने जमीन ताब्यात घेतली तेव्हा विल्यम्सने ३५०० डॉलर मागितले, त्याला मिळाले २३३५. १८५७ मध्ये वस्ती पूर्ण उठली. माणसे पांगली, आणि पुढे शंभरावर वर्षे बागेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख झाला तो बहुधा ‘झोपड्या टाकून राहिलेले लोक’ असाच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बागेच्या कामावर देखरेख करायला एक माणूस नेमला गेला. नाव फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, वय पस्तीस. विद्यापीठाची पदवी नाही. डोळ्यांच्या दुखण्यामुळे शिक्षण राहिले. मग थोडी जमीनमोजणी शिकला, खलाशी होऊन चीनपर्यंत जाऊन आला, शेती केली, पत्रकार म्हणून दक्षिणेकडच्या गुलामगिरीच्या राज्यांतून फिरला. १८५० मध्ये इंग्लंडच्या पायी प्रवासात त्याने लिव्हरपूलजवळचा बर्कनहेड पार्क पाहिला होता. जोसेफ पॅक्स्टन याने आखलेली ही बाग सार्वजनिक पैशाने बांधलेली आणि सर्वांना खुली. लोकशाहीच्या देशात असली एकही बाग नाही आणि राजाराणीच्या देशात आहे, याची ओल्मस्टेडला खंत वाटली.

बागेच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. कॅल्व्हर्ट व्हॉक्स हा इंग्लंडहून आलेला वास्तुकार ओल्मस्टेडला म्हणाला, आपण दोघे मिळून करू. दिवसभर ओल्मस्टेड जागेवर मजुरांत असायचा, रात्री दोघे कागदावर बसायचे. एकूण ३३ आराखडे आले आणि एप्रिल १८५८ मध्ये या दोघांचा ‘ग्रीनस्वॉर्ड’ म्हणजे ‘हिरवळ’ नावाचा आराखडा निवडला गेला. स्पर्धेची एक अट अशी होती की बाग आडवी ओलांडून जाणारे रस्ते हवेत. इतरांनी ते जमिनीच्या पातळीवर दाखवले होते. म्हणजे बागेचे तुकडेच झाले असते. या दोघांनी चारही आडवे रस्ते सुमारे आठ फूट खाली, खोदलेल्या चरांतून नेले आणि त्यांवरून बागेच्या वाटा पुलांनी पलीकडे काढल्या. मोटारी जन्माला यायच्या होत्या. आजही त्या चार चरांतून शहराची वाहने जातात आणि वर हिरवळीवर बसलेल्याला ती दिसत नाहीत.

या दोघांनी स्वतःसाठी जे नाव वापरले ते ‘लँडस्केप आर्किटेक्ट’, भूदृश्याचा रचनाकार. १८६३ मध्ये बागेच्या मंडळाला दिलेल्या राजीनाम्यावर त्यांनी हेच पद लिहिले होते. ओल्मस्टेडला हा शब्द फारसा पसंत नव्हता. बागवान म्हणावे तर अपुरे, वास्तुकार म्हणावे तर चुकीचे, अभियंता म्हणावे तर निम्मेच. पण दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून हाच रूढ झाला. १८९९ मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची संस्था निघाली आणि १९०० साली हार्वर्डमध्ये त्याचा अभ्यासक्रम सुरू झाला.

आता जमिनीखाली उतरू. आम्हांला विचाराल तर सेंट्रल पार्कचा खरा कणा तिथे आहे.

ही जागा दलदलीची का होती? खडक पाणी आत मुरू देत नाही. त्याच्या खोलगट पाठीवर हिमनदीने आणून टाकलेली चिकट माती आणि गोटे, त्यात पावसाचे पाणी अडकून राहते. अशा जमिनीत झाड का जगत नाही, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना जरूर विचारावा. बहुतेक मुले म्हणतील, ‘मुळे कुजतात.’ पण का कुजतात? मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असेल तर तो सहज पोचतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनला पाण्यातून झिरपत यावे लागते, आणि पाण्यातले हे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. म्हणजे मूळ पाण्यात बुडून गुदमरते. शिवाय पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्याने ओली जमीन वसंतात उशिरा तापते आणि बी रुजायला वेळ लागतो.

हे काम सोपवले गेले जॉर्ज वेअरिंग या चोविशीतल्या शेतीतज्ज्ञाकडे. त्याचे हत्यार साधे होते: भाजलेल्या मातीचे, आपल्या कौलांसारखे तांबडे, हातभर लांबीचे नळ. सुमारे तीन-चार फूट खोल चर खणायचा, तळाला हलका उतार द्यायचा, आणि नळाचे तुकडे एकापुढे एक नुसते टेकवून ठेवायचे. सांधे बुजवायचे नाहीत. चर पुन्हा मातीने भरून टाकायचा. पाणी शिरते ते याच उघड्या सांध्यांतून. जमिनीतले मोकळे पाणी गुरुत्वाकर्षणाने नळात उतरते आणि वाहून जाते, पण कणांना केशाकर्षणाने चिकटलेले पाणी मागे राहते. झाडाला नेमके हेच हवे असते. म्हणजे नळ झाडाचे पाणी पळवत नाहीत, त्याची हवा मोकळी करतात. ही पद्धत ब्रिटनमधल्या शेतीत आधीपासून होती. न्यूयॉर्क राज्यात जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याने १८३५ च्या सुमारास ती आणली, तेव्हा शेजारीपाजारी त्याला हसले होते म्हणतात. सेंट्रल पार्कमध्ये असे नळ मैलोन्मैल घातले गेले. त्यांचे पाणी एकत्र करून खोलगट जागी बांध घातले, आणि बागेतली तळी तयार झाली. डिसेंबर १८५८ मध्ये, बाग अपुरी असतानाच, गोठलेल्या तळ्यावर घसरायला न्यूयॉर्ककरांची झुंबड उडाली.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे वाचताना ओळखीचे वाटले असेल. उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या कृष्णाकाठच्या जमिनींत आज सच्छिद्र प्लॅस्टिक पाइप पुरून जे केले जाते, ते तत्त्वतः वेअरिंगचेच काम आहे. फरक एवढाच की आपल्याकडे त्या पाण्याबरोबर क्षारही बाहेर काढायचे असतात.

वेअरिंगने १८६७ मध्ये निचऱ्यावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच दोन हेतू सांगितले होते: फायद्यासाठी निचरा आणि आरोग्यासाठी निचरा. मायझ्मावर त्याची श्रद्धा अढळ होती. दलदल काढली की विषारी वाफ थांबेल आणि हिवताप जाईल, हे त्याचे गणित. आणि मौज अशी की ज्या जमिनींचा निचरा होत गेला तिथला हिवताप खरोखरच ओसरत गेला! सिद्धान्त चुकीचा, प्रयोग यशस्वी. साचलेले पाणी गेले, त्याबरोबर डासांच्या अळ्यांचे घर गेले. पण त्या अळ्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते. पुढे २० ऑगस्ट १८९७ या दिवशी आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला ॲनॉफिलिस डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले, तेव्हा कुठे या यशाचे कारण समजू लागले.

आपण वर्गात विज्ञानाचा इतिहास शिकवताना बरोबर सिद्धान्तांची माळ ओवतो: लक्षण, निरीक्षण, गृहीतक, पडताळा. मायझ्माचा उल्लेख झालाच तर ‘लोक किती अडाणी होते’ एवढ्यापुरता. पण या अडाणी कल्पनेने शहरांना भुयारी गटारे दिली, उद्याने दिली, रस्ते झाडण्याची शिस्त दिली. वास हा रोगाचा कारक नव्हता, तरी घाणीचा चांगला खबऱ्या होता. मात्र चुकीच्या सिद्धान्ताला कुठेतरी किंमत मोजावी लागतेच. जिथे घाण नाही, वास नाही, पण स्वच्छ पाण्याचे उघडे पिंप आहे, तिथे मायझ्मा आंधळा ठरतो. वेअरिंगचेच पाहा. १८९५ पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्याचा प्रमुख म्हणून त्याने मोठे नाव कमावले. १८९८ साली त्याला क्यूबामधील हवाना शहराची स्वच्छता-योजना आखायला पाठवण्यात आले. तिथे त्याने गटारे पाहिली, घाण पाहिली, आणि परत आल्यावर ऑक्टोबरमध्ये पीतज्वराने त्याचा मृत्यू झाला. पीतज्वर एका डासाच्या चावण्याने पसरतो, असे क्यूबाचाच डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होता. त्याचे म्हणणे सिद्ध झाले १९०० साली.

ओल्मस्टेडचे दुसरे एक काम जमीन आणि पाण्याच्या दृष्टीने याहून धाडसी आहे. बोस्टन शहरात बॅक बे नावाची एक उथळ खाडी होती. तिचा बराच भाग भराव टाकून बुजवला गेला. जो उरला त्यात दोन ओढे शहराची घाण आणून सोडत. ओहोटीला चिखल उघडा पडला की आसपास उभे राहवत नसे, आणि मोठ्या पावसात, नेमकी त्याच वेळी भरती असली तर, पाणी शहरात घुसे. बोस्टनची भरती-ओहोटी सुमारे तीन मीटरची असते, हे ध्यानात घ्या. १८७८ मध्ये ओल्मस्टेडला बोलावण्यात आले. त्याने सांगितले, इथे बाग नको, इथे खाजण हवे.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना खाजण म्हणजे काय ते सांगायला नको. भरतीच्या पाण्याखाली येणारी, खाऱ्या गवताची सपाट जमीन. ओल्मस्टेड आणि शहराचे अभियंते यांनी मिळून असे केले: सांडपाणी वेगळ्या गटारांत वळवले, ओढ्याचे रोजचे पाणी बंद नळातून नदीत नेले, आणि मुखाशी दार बसवून भरतीचे पाणी मापानेच आत घेतले. पूर आला आणि भरतीमुळे नदी पाणी घेईना, तर जादा पाणी खाजणात पसरून काही तास थांबणार. काठांना भिंती नाहीत, मंद उतार. लाटांचा जोर गवतच मोडणार. गोव्याच्या खाजन शेतीत बांधाला जी ‘मानस’ असते, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी झडप, तिचे आणि बोस्टनच्या दाराचे नाते सहज लक्षात येईल. गोव्यात हे तंत्र कित्येक शतके जुने आहे. त्याला कोणी भूदृश्यरचना म्हटले नाही इतकेच.

बोस्टनच्या या जागेला ‘फेन्स’ नाव पडले. लोकांना वाटले ते मूळचेच खाजण आहे. अभियंत्याला याहून मोठी पावती कोणती? पण ही रचना एका भौतिक अटीवर उभी होती: पाणी खारे असले पाहिजे. १९१० मध्ये चार्ल्स नदीच्या मुखावर धरण झाले. भरती थांबली, पाणी गोडे झाले, आणि खाऱ्या पाण्यातच टिकणारी ती गवते गेली. त्यांच्या जागी गोड्या पाण्यातला उंच बोरू माजला, प्रवाह कोंडला. पुढे त्याच प्रवाहाचा एक भाग चक्क वाहनतळासाठी नळात घालून बुजवण्यात आला. ऑक्टोबर १९९६ च्या पुरात पाणी भुयारी रेल्वेत शिरले, तेव्हा शहराला ओल्मस्टेडची आठवण झाली. २०१६ पर्यंत बुजवलेल्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा उघडा करण्यात आला. धरण बांधणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांनाही दुर्गंधीच घालवायची होती.

जमिनीखालच्या गोष्टी विसरल्या की काय होते याचे उदाहरण सेंट्रल पार्कमध्येही आहे. तिथल्या ‘ग्रेट लॉन’ या मोठ्या मैदानावर सप्टेंबर १९८१ मध्ये झालेल्या एका गाण्याच्या कार्यक्रमाला पाच लाखांच्या आसपास लोक आले, असा अंदाज दिला जातो. अशा गर्दीच्या पायांखाली माती दबते, कणांमधल्या पोकळ्या मिटतात. मग वर पाणी साचते आणि आत हवा जात नाही. म्हणजे वेअरिंगने ज्याच्याशी झुंज दिली तीच अवस्था उलट्या मार्गाने परत येते. ते मैदान धुळीचे माळरान झाले होते. १९९७ पर्यंत त्याची माती आणि निचरा नव्याने करावा लागला.

हे शाळेत करून पाहता येते. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा घ्या, कडा चार-पाच सेंटिमीटर जमिनीत रुतवा, आत एक ठरावीक माप पाणी ओता आणि ते मुरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. एकदा प्रार्थनेच्या मैदानावर, एकदा कुंपणाजवळच्या झाडाखाली. वेळेतला फरक मुलांनी स्वतः नोंदवला, की मातीची सच्छिद्रता ही व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. धार लावलेल्या पत्र्याने हात कापणार नाही, तेवढे पाहावे.

स्मारकांच्या भूदृश्याकडे वळताना आम्हांला एक भेद लक्षात येतो. बागेत रचना लपलेली असते, स्मारकात ती बोलायला लागते. जगभर युद्धस्मारके उभी राहिली ती पुतळे, कमानी, स्तंभ अशी वर चढणारी. १९८१ साली वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्ध-स्मारकाच्या स्पर्धेत १४२१ प्रवेशिका आल्या, आणि निवड झाली ती माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची. तिने वर काहीच उभारले नव्हते. जमिनीला काप देऊन तिने दोन भिंती खाली उतरवल्या, प्रत्येकी सुमारे ७५ मीटर लांब, टोकाशी जवळजवळ शून्य उंची आणि मधल्या कोनाशी तीन मीटरच्या वर. एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला नावे, अठ्ठावन्न हजारांच्या आसपास, आडनावांच्या क्रमाने नव्हे तर मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने. क्रम मधल्या कोनापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. उतारावरून चालताना शहराचा आवाज मागे पडत जातो. बरीच टीका झाली. काळा रंग लाजेचा आहे, खड्डा म्हणजे अपमान आहे, असे लोक म्हणाले, आणि तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. आज लोक जातात ते भिंतीकडे, नावावर बोट फिरवायला.

हा काळा दगड बंगळूरचा आहे. व्यापारात त्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात. भूशास्त्रात असे दगड बहुधा ग्रॅनाइट नसतात, गॅब्रो किंवा डोलेराइट असतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचे मोठ्या स्फटिकांचे भाऊबंद. स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्याने त्याला आरशासारखी झिलई चढते. नाव वाचणाऱ्याला नावामागे स्वतःचा चेहरा दिसतो, हे त्या झिलईचे काम.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जागी जे स्मारक २०११ मध्ये खुले झाले, तिथे तर पुन्हा ओल्मस्टेडचाच प्रश्न आला. मायकेल अराड या वास्तुकाराने मनोऱ्यांच्या जागी दोन मोठे खोल जलाशय कल्पिले होते; भोवतालचे पटांगण मात्र परीक्षकांना फार रूक्ष वाटले, म्हणून पीटर वॉकर या भूदृश्यरचनाकाराला जोडीला घेण्यात आले. त्याने चारशेवर ओकची झाडे सुचवली. पण हे पटांगण म्हणजे जमीन नव्हे, खालच्या संग्रहालयाचे आणि रेल्वेस्थानकाचे छप्पर आहे. फरशी खाली टेकून मातीवर भार पडू द्यायचा नाही, ती आधारांवर तोलायची आणि मधल्या पन्हाळींत मोकळी माती ठेवायची, असा उपाय करावा लागला. निवडलेला ओकही पुराच्या सखल भागातला, ‘स्वॅम्प व्हाइट ओक’. ज्याची मुळे कमी ऑक्सिजनात तग धरतात तेच झाड शहराच्या दबलेल्या मातीत तगण्याचा संभव जास्त.

पुण्याच्या वाचकांना स्मारक-भूदृश्य पाहायला दूर जायला नको. खडकीला राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने तिच्यासारख्या सर्व जागांसाठी एक नियम घालून दिला: हुद्दा कोणताही असो, दगड एकाच मापाचा. हा नियम त्या काळी अनेक घराण्यांना रुचला नव्हता. मुलांना तिथे नेले, तर शांतपणे ओळी मोजायला सांगा. बाकीचे ती जागाच सांगते.

सेनेका व्हिलेजला असे काही मिळाले नाही. १९९० च्या दशकात दोन इतिहासकारांनी बागेचा इतिहास नव्याने लिहिला तेव्हा ती वस्ती पुन्हा चर्चेत आली. २००१ मध्ये तिथे एक माहितीफलक लागला. २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञांना काही आठवडे हिरवळ उकरण्याची परवानगी मिळाली. भराव टाकताना कामगारांनी वस्तीची जमीन पार खरवडून काढली असेल, अशी भीती होती. तसे झालेले नव्हते. विल्यम विल्सन नावाच्या चर्च-सेवकाच्या घराचा पाया जागेवर सापडला. त्याच्या आत छपराचे पत्रे, चहाची लोखंडी किटली, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, आणि एक लहान बूट. पाहणी झाल्यावर खड्डे बुजवून वर पुन्हा गवत लावण्यात आले.